घरत सरांच्या घरचा चहा

विधानसभेचं अधिवेशन तोंडावर आलं की पेपरात एक बातमी हमखास येते. सरकारच्या चहापानावर विरोधकांचा बहिष्कार. सरकार कुणाचंही असो, विरोधात कुणीही असो, बातमीत फक्त नावं बदलतात. लोक ती वाचतही नाहीत. मी वाचते, कारण आमच्या शाळेतले घरत सर ती स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "भांडा ना! खुशाल भांडा. पण त्या चहाने तुमचं काय घोडं मारलंय?" तेव्हा आम्ही हसायचो. आता नाही हसवत.

सर शेवटची वर्षं नाशिकला मुलीकडे होते, तिकडेच गेले. आम्हाला कळलं तेही उशिरा. त्यांचं सगळं आयुष्य मला ठाऊक आहे अशातला भाग नाही. मला ठाऊक आहे तो त्यांचा चहा, आणि त्या चहापायी त्या माणसाचं जे झालं ते.

मी मूळची डोंबिवलीची. लग्न होऊन नवीन पनवेलला आले आणि शाळेत लागले. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत एका उंच, सावळ्या, पांढऱ्या शर्टातल्या माणसाने माझ्यापुढे कप धरला. मी म्हटलं, "मी चहा घेत नाही, कॉफी घेते."  उर्दूचे शेख सर माझ्याकडे असे बघायला लागले की आता या बाईंचं काही खरं नाही! घरत सरांनी पुढे धरलेला कप मागे घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीतून गवती चहाच्या जुडीबरोबर कॉफीची पुडी निघाली. स्टाफरूमच्या कोपऱ्यात त्यांचा एक वातीचा स्टोव्ह असायचा, त्यावर त्यांनी मला कॉफी करून दिली. मी कप घेऊन खिडकीकडे निघाले तर म्हणाले, "जोशीबाई, कॉफी घ्या, हरकत नाही. पण इथे बसून घ्या. आमच्याबरोबर."

त्या स्टोव्हला मुख्याध्यापकांनी हरकत घेऊन पाहिली. आग लागेल म्हणाले, इन्स्पेक्शनला काय सांगायचं म्हणाले. सरांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्यासाठीही एक कप ओतला. त्यानंतर मुख्याध्यापक घंटा व्हायच्या आधीच येऊन बसायला लागले.

सर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. मुलांना म्हणायचे, "समाज बघायचाय? मग कोण कुणाकडे चहा घेतो ते बघा. आणि कोण कुणाच्या दारात उभं राहून 'आत्ताच झाला' म्हणतो तेही बघा. राज्यघटना त्याच्या नंतर येते." मुलं खिदळायची. पेपरात हे लिहू नका, असंही वर सांगायचे.

चहाच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. समोरच्याला एकट्याला प्यायला लावायचं नाही. स्वतःला इच्छा नसो, पोट बिघडलेलं असो, अर्धा कप आपल्यापुढेही घ्यायचा आणि बरोबर प्यायचा. रमझानच्या महिन्यात शेख सरांचा रोजा असायचा, तर त्या महिन्यात कोपऱ्यातला स्टोव्ह दिवसा पेटायचाच नाही. आम्ही कुरकुर करायचो. शेख सर स्वतः म्हणायचे, "अरे घरत, तुम्ही घ्या ना, मला काही फरक पडत नाही." सर म्हणायचे, "मला पडतो." आणि संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला थर्मास घेऊन शेख सरांच्या मोहल्ल्यात हजर.

हा नियम आला कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. वडील दुसऱ्याची शेती कसायचे. जमिनीचा मालक पनवेल गावात राहायचा. सर लहानपणी वडिलांबरोबर भाताच्या गोण्या पोचवायला गेले की मालक चहा द्यायचा, नाही असं नाही. बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असायचा. तो वडिलांनी घ्यायचा, त्यात वरून चहा ओतला जायचा, पायरीवर बसून प्यायचा, कप विसळायचा आणि पुन्हा पालथा ठेवायचा. मालक झोपाळ्यावर बसून बघत राहायचा.

"चहा चांगला असायचा हो, बाई," सर म्हणाले. "साखरेची कंजुषी नव्हती. पण माझा बाप एकटा पीत असायचा आणि तो माणूस बघत असायचा. मला वाटायचं, ह्याला कोणीतरी मारतंय आणि मी उभा आहे." एवढं बोलून ते तासाला निघून गेले.

त्यांच्या गावी मी पहिल्यांदा गेले ती शाळेतल्या सगळ्यांबरोबर. नव्या शिक्षकाला घरी चहाला नेल्याशिवाय तो आपला सहकारी झाला असं सर मानत नसत. खाडीकाठचं गाव, खारट हवा, घराला मोठी ओटी. त्यांची बायको हिरावहिनी मोठ्या टोपात चहा ठेवत होत्या. मला वाटलं आमच्यासाठी एवढा. कसलं काय! पाच मिनिटांत अख्खी आळी ओटीवर. कोणी शेतातून आलेला, कोणी कंटेनर यार्डातून पाळी संपवून आलेला, म्हाताऱ्या, पोरंबाळं, सगळे. रोजचंच होतं ते. तंटे तिथेच मिटायचे. बोलणं बंद असलेले दोघे तिथे समोरासमोर बसले आणि दोघांनी कप उचलला की मिटलं, परत त्यावर चर्चा नाही. सगळ्यात पुढे बशीत फुर्र करून पिणारा सरांचा बालमित्र काशिनाथ. गावात त्याचा शब्द चालायचा. "मास्तरची चाय पिल्याबिगर मना रातचा जेवन जात नाय," असं तो मला कौतुकाने सांगत होता. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग तो प्रकल्प आला. आमच्याकडे प्रकल्प म्हटलं की कुणी कुठला म्हणून विचारत नाही, काही ना काही येतच असतं. या वेळी सरांच्या गावाची शेतं जाणार होती आणि घरंही. गाव चिडलं. देवळात नारळ ठेवून ठरलं की जमीन द्यायची नाही, आणि मोजणीला येणाऱ्या सरकारी माणसाला दारात उभं करायचं नाही. त्यांचा चहा घ्यायचा नाही, त्यांना द्यायचा नाही. सरांनीही त्या नारळावर हात ठेवला होता. जमिनीच्या बाबतीत ते काशिनाथपेक्षा कडक होते. बापाने दुसऱ्याची म्हणून कसलेली जमीन कुळकायद्याने नावावर झाली होती, ती सोडायचा प्रश्नच नव्हता. चहाचं कलम मात्र त्यांना खटकत होतं. "पण गावाचा शब्द आहे," मला म्हणाले, "पाळायला हवा."

मे महिन्यात मोजणीची माणसं आली. गावाने दारं लावून घेतली. त्या माणसांत एक तरुण अधिकारी बाई होती, नव्यानेच नोकरीला लागलेली. भर दुपारी खाडीलगतच्या खाजणात उभी राहून राहून तिला घेरी आली. बरोबरच्यांनी तिला जवळच्या पहिल्या सावलीत आणून टेकवलं. ती सावली सरांच्या ओटीची होती.

वहिनींनी तिला पाणी दिलं, तोंडावर मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. पोरगी सावध झाली, पण हातपाय थरथरत होते. सर आत गेले, साखर जास्त घालून चहा केला, तिच्या हातात दिला. इथवर झालं असतं तरी निभावलं असतं, असं पुढे गावच म्हणायचं. पण ती एकटी कप धरून बसली होती, कावरीबावरी, आणि समोरच्या बंद दारांच्या फटींतून गाव तिच्याकडे बघत होतं. सर पुन्हा आत गेले. स्वतःसाठी अर्धा कप घेऊन आले आणि तिच्याशेजारी बसून प्यायले.

कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. त्यात ती बाई, सर आणि दोघांच्या हातात कप. घेरीबिरी काही फोटोत येत नाही.

संध्याकाळी काशिनाथ आला तो अंगणातच उभा राहिला. हे मला वहिनींनी सांगितलं. सरांना लहानपणीच्या नावाने हाक मारून म्हणाला, "परशा, पानी दिलंस, कोन काय बोलनार नाय. चाय दिलीस, ती पन चल, बाईमानूस होती. पन तू संगती बसून प्यायलास!"

"ती घरात आली होती, काशिनाथ."

"मंग? आमी कुटं हाव? आमी नाय घरातले?"

सरांनी त्याच्यासाठी बशी काढून ठेवली होती. तो म्हणाला, "नको. आत्ताच झाली."

झालं! त्या दिवसापासून त्या ओटीवर कुणी चहाला टेकलं नाही. वाळीत टाकलं असतं तर दाद मागता आली असती, तसलं काही नव्हतं. लग्नाच्या पत्रिका यायच्या, गणपतीत आरतीला हाक यायची, कोणाच्या पोराला कॉलेजात घालायचं तर मास्तरलाच विचारायला यायचे. अंगणात उभे राहून विचारायचे, नमस्कार करायचे, आणि सर आत वळले की लगेच, "चाय नको मास्तर, आत्ताच झाली." अख्खं गाव दिवसभर आत्ताच चहा घेऊन बाहेर पडलेलं असायचं! मला इतका संताप यायचा, काय सांगू. जमीन विकली असती तर एक वेळ समजले असते. हा माणूस एका कागदाला शिवला नव्हता, मोर्चात पुढे चालला होता, आणि शिक्षा यालाच.

सर शाळेत काही दाखवायचे नाहीत. गवती चहाची जुडी मात्र आता मोठी यायला लागली, आम्हालाच वाटून टाकायचे. मी सहज म्हणून एकदा घरी गेले तर वहिनींचा टोप तेवढाच मोठा. हाताला सवय, कमी ठेवता येईना त्यांना. माझ्यासमोर उरलेला चहा त्यांनी परसातल्या केळीला ओतला.

"बाई," मला म्हणाल्या, "ह्यांचं चुकलं असंल, नसंल. ते पुरुष बघून घेतील. पन मी काय केलं गो? माझा हात तोच हाय ना?" आणि दोन्ही तळवे पुढे करून मला दाखवले.  मी कॉफीवाली, पण त्या दिवशी त्यांच्याकडे दोन कप चहा प्यायले.

सरांना मी म्हटलं, "सोडा हो ते गाव. आमच्या सोसायटीत फ्लॅट घ्या. तिथे शेजाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं, तुमचा चहा नाकारायला येतंय कोण?"

"तेच ना," सर म्हणाले. "तिथे नाकारायलाही कुणी येत नाही."

पुढे व्हायचं तेच झालं. दोन-तीन वर्षांत एकेक घर फुटलं. कुणाला प्लॉट हवा होता, कुणाच्या मुलाला नोकरीचं आश्वासन. मग एके दिवशी प्रकल्पवाल्यांनी पनवेलच्या एका हॉलमध्ये ग्रामस्थांसाठी चहापान ठेवलं आणि काशिनाथ गावाची अख्खी कमिटी घेऊन तिकडे गेला. पेपरात फोटो. गळ्यात हार, हातात कप, शेजारी साहेब. मी तो पेपर सरांच्या टेबलावर आपटला. म्हटलं, "बघा! आता तरी जाऊन चार शब्द सुनवा त्याला."

सर फोटो बघत राहिले, आणि खोटं वाटेल, त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं," म्हणाले. "आता त्याच्या मनात अढी राहायचं कारण नाही. आता तो येईल."

त्या संध्याकाळी त्यांनी बाजारातून खारी घेतली, काशिनाथला आवडते म्हणून. वहिनींना टोप ठेवायला सांगितला. काशिनाथ आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. तो कसा येणार? आला असता तर एवढी वर्षं का आला नाही, हे त्यालाच सांगावं लागलं असतं. रागाचं कारण संपलं होतं आणि पहिलं पाऊल टाकायची लाज तेवढी उरली होती. प्रत्येक जण दुसऱ्या कुणीतरी आधी जावं म्हणून थांबला होता. सर रोज ओटीवर बसून वाट बघायचे.

एकदा ते दोघं मला पळस्पे फाट्यावर दिसले, टपरीपाशी, चक्क बरोबर चहा पिताना. काशिनाथ हातवारे करून काही सांगत होता, सर हसत होते. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी म्हटलं, "मिटलं म्हणायचं एकदाचं?"

"छे हो," सर म्हणाले. "टपरीवरचा चहा कुणाच्याच घरचा नसतो. तिथे काय, कोणीही कोणाबरोबर पितं." आणि तासाला निघताना, "तुमच्या वहिनींना सांगू नका हां, मी तिथे त्याच्याबरोबर घेतला ते. तिला लागेल."

गाव उठायची तारीख ठरली. लोक नव्या प्लॉटवर घरं बांधायला लागले. सरांनाही मिळाला होता, सगळं गाव जातंय म्हटल्यावर नाइलाजाने घेतलेला. पण वहिनींनी हट्ट धरला होता की ह्या ओटीवर एकदा माणसं बसल्याबिगर मी हे घर सोडनार नाय. सरांना त्यांनी काशिनाथकडे जायला सांगितलं. सर गेलेही. काशिनाथ म्हणाला, येतो, या रविवारी सगळ्यांना घेऊन येतो. सरांनी ते मला शाळेत दोनदा सांगितलं.

त्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, वहिनी चुलीपाशीच पडल्या. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. मुलगी सविता नाशिकहून आली ती संतापलेली होती. बापाला तिने गावात दिवस घालूच दिले नाहीत. "ज्या गावानं आईच्या हातचा चहा घेतला नाय, त्याला तिच्या तेराव्याचं जेवण मी नाय वाढणार," म्हणाली, आणि अस्थी व सरांना घेऊन नाशिकला गेली. सगळे विधी गोदावरीवर झाले. त्याच उन्हाळ्यात गावातली घरं पाडली. सर परत आले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वहिनी गेल्या त्याच संध्याकाळी.

आम्ही शाळेतले सगळे गेलो होतो. मंडळी स्मशानातून परतली होती. ओटीवर, अंगणात, पार गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं बसलेली. अख्खं गाव, प्लॉटवर राहायला गेलेलेही परत आले होते. काशिनाथ खांबाला टेकून रडत होता, अगदी पोरासारखा हुंदके देऊन. सर त्याच्याशेजारी बसले होते, डोळे कोरडे, आणि एकेक चेहरा बघत होते. हा आला, तो आला, असं मनात मोजत असावेत.

मग ते उठले आणि सरळ आत गेले. आम्हाला वाटलं, आडवे होतील. आतून भांड्याचा आवाज आला. सविता धावली, तिच्यामागे मी. सर चुलीपुढे बसले होते. मोठा टोप पाण्याने भरून चुलीवर चढवला होता, हातात काड्यापेटी. काडी ओढत होते, काडी पेटत नव्हती.

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. सुतकातल्या घरचं पाणीसुद्धा कुणी घेत नाही. सरांना हे माहीत नव्हतं थोडंच!

सविताने त्यांचा हात धरला. "बाबा, आज नाय. आज चूल नाय पेटवायची."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातून बाहेर पाहिलं. बाहेर सगळे ऐकत होते. कुणी मान वर करत नव्हतं.

"आज सगली आलीत गो," सर म्हणाले. "मंग कवा?"